लाल फळाची राखण

स्ट्रॉबेरीचा इतिहास मराठीत सांगितला जातो तेव्हा तो महाबळेश्वरी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून हे पठार मिळवले, माल्कम पेठ वसली आणि साहेबांच्या बंगल्यांमागोमाग साहेबांची फळे-भाज्या आल्या. तिथल्या तुरुंगात आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांमुळे बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड वाढली, असे जुने गॅझेटियर सांगते. पुढे स्ट्रॉबेरी रुजली, पाचगणी-भिलारच्या उतारांवर पसरली आणि २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. या हकिकतीत खोटे काही नाही. मात्र तीत दोन पात्रे गाळली गेली आहेत: फळ खायला येणारे पाखरू आणि त्या पाखराला हाकलायला बसवलेले माणूस.

मी वाईला राहते आणि थंडीच्या दिवसांत गच्चीवर वीस-पंचवीस कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावते. ज्याने हा उद्योग केला आहे त्याला ठाऊक असेल, की रोप जगवणे तितकेसे अवघड नाही. पाऊस सरल्यावर रोप लावावे, जिथून पाने फुटतात तो गाभा मातीत गाडू नये, पाणी तुंबू देऊ नये, फळ ओल्या मातीला टेकू नये म्हणून खाली वाळके गवत पसरावे. एवढे केले तर नाताळाच्या आगेमागे फळ धरते. खरी परीक्षा त्यानंतरची. फळ पुरते लाल होण्याची वाट आपण बघतो, शिपाई बुलबुल बघत नाही. एका गालावर लाली चढली, की तो भल्या सकाळी येऊन तेवढाच गाल खाऊन जातो. लालबुड्या बुलबुल, साळुंकी आणि खार ही मंडळी मागोमाग येतात.

हे भांडण किती जुने आहे आणि माणसाने ते कसकसे चालवले, याचा शोध घेताना जे हाती आले त्याची ही मांडणी आहे. त्यातून मला एक गोष्ट ठळकपणे दिसली. राखण कधीच फुकट झालेली नाही. प्रत्येक काळात तिची किंमत कोणी ना कोणी मोजली आहे, आणि मोजणारा बहुधा फळ खाणारा नव्हता.

दोनदा समुद्र ओलांडलेले रोप

आज आपण जी स्ट्रॉबेरी खातो ती निसर्गात कुठेही आपोआप उगवलेली नव्हती. युरोपातल्या रानांत जी मिळे ती बोराएवढी, सुवासिक रानस्ट्रॉबेरी. १३६८ साली फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या माळ्याने लूव्हरच्या बागेत तिची १,२०० रोपे लावली, अशी नोंद आहे. म्हणजे बागेत तिला जागा मिळाली होती, पण फळ मोठे होत नव्हते.

मोठे फळ आले दक्षिण अमेरिकेतून. १७१२ साली आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चौदाव्या लुईच्या हुकमाने चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर गेला. काम होते स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी, सोंग होते व्यापाऱ्याचे. कोन्सेप्सिओन गावाजवळ त्याला स्ट्रॉबेरीची शेते दिसली. तिथले मापुचे लोक ही स्ट्रॉबेरी शतकानुशतके लावत होते आणि फळे अक्रोडाएवढी, कधी कोंबडीच्या अंड्याएवढी होती. परतीच्या वाटेवर फ्रेझिएने काही रोपे बरोबर घेतली. प्रवास सहा महिन्यांचा, जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई. १७ ऑगस्ट १७१४ रोजी जहाज मार्सेयला लागले तेव्हा पाच रोपे जिवंत होती. त्यांतली दोन त्याने जहाजावरच्या पाण्याचा ताबा ज्याच्याकडे होता त्या अधिकाऱ्याला दिली. रोपे जगली होती ती त्याने दिलेल्या पाण्यावर. राहिलेल्यांपैकी एक पॅरिसच्या राजोद्यानात गेले, एक ब्रेस्टच्या वरिष्ठांकडे आणि एक स्वतः फ्रेझिएकडे राहिले.

रोपे वाढली, फुलली, पण फळेनात. कारण ती सगळी मादी रोपे होती. चिलीच्या या जातीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर येतात, आणि फ्रेझिएने साहजिकच लदबदलेली, म्हणजे मादी रोपे निवडली होती. गाठ सुटली ती ब्रेस्ट आणि प्लुगास्तेलच्या बागाईतदारांच्या हाताने. उत्तर अमेरिकेतून सतराव्या शतकात आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी चिलीच्या रोपांशेजारी लावली, की चिलीच्या रोपाला फळ धरते, हे त्यांच्या ध्यानात आले. या शेजारातून जो संकर झाला ती आजची स्ट्रॉबेरी. त्याचा उलगडा केला आंत्वान निकोला द्युशेन या तरुणाने. १७६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने दुसऱ्या जातीच्या परागावर धरवलेली चिलीची फळे राजा पंधराव्या लुईपुढे ठेवली आणि १७६६ साली स्ट्रॉबेरीचा निसर्गेतिहास प्रसिद्ध केला. स्ट्रॉबेरीत नर-मादी वेगळे असू शकतात, हे त्याने तेव्हा दाखवून दिले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. पण तिच्या आधीची एक गोष्ट आहे. चिलीची म्हणवली जाणारी ही जात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळते, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत. तिथून मधले हजारो मैल सोडून ती एकदम चिलीत दिसते, आणि भर महासागरातल्या हवाई बेटांच्या डोंगरांवरही. ही उडी तिने कशी घेतली? वनस्पतिशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण कौल असा, की ऋतूप्रमाणे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी बिया नेल्या. म्हणजे फ्रेझिएच्या जहाजाच्या कितीतरी आधी हे रोप पाखरांच्या पोटातून समुद्रावरून गेले होते.

हे ध्यानात घेतले, की फळाची रचना नव्याने कळते. आपण जे चवीने खातो ते खरे फळच नव्हे, फुलाचे फुगलेले आसन आहे. त्याच्यावर जे बारीक पिवळे दाणे दिसतात ती खरी फळे. एका स्ट्रॉबेरीवर असे सुमारे २०० दाणे असतात. प्रत्येक दाण्यात एक बी, आणि सगळ्या बाहेरून टाचलेल्या. फूल पांढरे, कारण ते मधमाशीला बोलावते. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पाखरांना मात्र तो हिरव्या पानांतून दुरूनही दिसतो. फळाचा लाल रंग हे पाखरांना दिलेले आवतण आहे. आपण त्या पंगतीत मागाहून येऊन बसलो आणि आधीच्या पाहुण्यांना चोर म्हणू लागलो. उलट बाजूने पुरावा हवा तर बागवानांची एक जुनी युक्ती आहे. काही जण पांढऱ्या फळांची रानस्ट्रॉबेरी लावतात, कारण ती पिकल्याचे पाखरांना लवकर कळत नाही, असे ते सांगतात.

मुंडक्यामागे एक पेनी

राखणीच्या रीती मोजक्याच आहेत: मारणे, भिववणे, अडवणे. मारण्याचा सरकारी इतिहास मला इंग्लंडात सापडला. १५३३ साली आठव्या हेन्रीच्या काळात कावळ्यांच्या जातींविरुद्ध कायदा झाला होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५६६ साली धान्यरक्षणाचा मोठा कायदा आला. त्यानुसार गावोगावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी जमीनधारकांकडून वर्गणी गोळा करायची आणि उपद्रवी प्राण्या-पक्ष्यांची मुंडकी आणून देणाऱ्याला ठरलेले इनाम द्यायचे. फळझाडांच्या कळ्या खाणाऱ्या बुलफिंच या छोट्या पक्ष्याच्या एका मुंडक्याला एक पेनी मिळे. कितीतरी गावांच्या चर्चच्या जमाखर्चात पुढची दोनशे वर्षे आणि त्याहून अधिक काळ अशा नोंदी सापडतात. चर्चच्या डागडुजीचा खर्च आणि पाखरांच्या डोक्यांचा खर्च एकाच वहीत.

या हिशेबात एक रकाना कोरा होता. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात फळ खाताना जे पक्षी दिसतात ते इंग्लंडात मुख्यतः आपल्या कस्तुराच्या कुळातले, ब्लॅकबर्ड आणि थ्रश. हेच पक्षी एरवी त्याच वाफ्यातल्या गोगलगाई आणि अळ्या वेचतात, आणि गोगलगाय ही स्ट्रॉबेरीची मोठी वैरीण. आपल्याकडचा बुलबुलही पिलांना किडे भरवतो. फळाची चोरी दिवसाउजेडी होते म्हणून दिसते, चाकरी दिसत नाही. पाखरांची चाकरी हिशेबात न धरण्याचा परिणाम विसाव्या शतकात चीनने भोगला. १९५८ साली तिथे चिमण्यांविरुद्ध मोहीम निघाली, थाळ्या-ढोल बडवून त्यांना दमवून मारले गेले. किडींना आवर घालणारेच उरले नाही, तेव्हा १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला.

राखणीला बसलेले मूल

भिववण्याची रीत जगभरची. रोमन लोक बागेत प्रायापस या देवाची लाकडी मूर्ती उभी करत. तिच्या डोक्यावर खोचलेला बोरू वाऱ्याने हलला, की पाखरे बिचकत, असे होरेस या कवीने लिहून ठेवले आहे. आपले बुजगावणे त्याच घराण्यातले. पण बुजगावण्याची सद्दी थोड्या दिवसांची. हलत नाही ते जिवंत नाही, हे पाखरांना चार दिवसांत कळते. शेताच्या कडेने ताणलेल्या कॅसेटच्या फिती, चकाकणाऱ्या पट्ट्या, कुंडीत ठेवलेले लाल रंगवलेले गोटे, यांचेही तेच होते. म्हणून खरी राखण शेवटी माणसालाच करावी लागली.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात शरद ऋतूचे वर्णन आहे. त्यात उसाच्या सावलीत बसून साळीची राखण करणाऱ्या बायका रघूचे यश गातात. हे चित्र रम्य आहे, पण गाणे हे राखणीचे अवजारही होते. आवाज चालू राहिला पाहिजे, म्हणजे पाखरू उतरत नाही. आपल्याकडे जोंधळा निसवला, की शेतात चार मेढी रोवून माळा उभा राहतो. त्यावर चढून हाकारे घालायचे, गोफणीतून गुंडे सोडायचे, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. तुकोबांच्या चरित्रकथांत एक प्रसंग येतो. शेतकऱ्याने त्यांना राखणीला बसवले, ते माळ्यावर नामस्मरणात रंगले, पाखरांनी कणसे फस्त केली, मालक संतापला, आणि रास घातली तेव्हा धान्य उलट अधिकच भरले. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतला पेच खरा आहे. पाखराच्या तोंडचा घास काढण्यासाठी आपल्याला इथे बसवले आहे, हे राखणदाराला टोचते, आणि मालकाचा संतापही अनाठायी नसतो.

पण माळ्यावर बहुतेक वेळा बसे ते घरातले मूल. मोठ्या माणसाची मजुरी राखणीत घालवणे कोणाला परवडत नसे. इंग्लंडातही हेच. तिथल्या शेतांत लाकडी खुळखुळे वाजवत कावळे हाकणारी पोरे हे एकोणिसाव्या शतकातले नेहमीचे दृश्य होते. १८२६ साली जन्मलेला जोसेफ आर्च त्यांतलाच एक. वयाच्या नवव्या वर्षी तो पाखरे हाकण्याच्या कामाला लागला. दिवसाचे बारा तास, मजुरी चार पेनी. पुढे याच आर्चने १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि १८८५ साली तो पार्लमेंटात निवडून गेला. ते वर्ष येईपर्यंत इंग्लंडात एक मोठा बदल झाला होता. १८८० च्या कायद्याने पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. पाखरे हाकणारी पोरे शेतातून उठली ती शाळेत बसण्यासाठी.

त्याच साम्राज्याच्या आपल्या भागात काय होते? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत याचे कारण त्यांनी त्यात सांगितले आहे. दारिद्र्यामुळे आईबापांना ती गुरे राखायला आणि शेताकडे बघायला लागतात. म्हणून किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. विलायतेत दोन वर्षांपूर्वी झालेली गोष्ट इथे मान्य झाली नाही. लंडनच्या माळ्याचा मुलगा शाळेत गेला, साताऱ्याच्या कुणब्याचा मुलगा माळ्यावरच राहिला. ‘शेताकडे बघणे’ या दोन शब्दांत किती दिवसांची शाळा बुडाली असेल, हे आपल्या खेड्यांतल्या वयस्क माणसांना विचारावे. माझ्या ओळखीतले कितीतरी जण गोफणीचा नेम अभिमानाने सांगतात. आणि त्याच दमात सांगतात, की सुगीचे दोन महिने पाटीला हात लागत नसे.

जाळी

या पार्श्वभूमीवर जाळीकडे पाहिले, की तिचे मोल कळते. जाळी पाखराला मारत नाही, आणि पोराला दिवसभर बांधूनही ठेवत नाही. एकोणिसाव्या शतकात, लंडनजवळ आयझलवर्थच्या मायकेल कीन्सने १८२१ साली त्याचे प्रसिद्ध वाण पुढे आणल्यावर, मोठ्या स्ट्रॉबेरीचा षौक इंग्लंडात घरोघर पोचला. बागवानीच्या तेव्हाच्या नियतकालिकांत फळबागेसाठी जाळ्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. ही बहुतेक कोळ्यांची जुनी जाळी, सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ केलेली. समुद्रात निकामी झालेले जाळे बागेत कामी येई. सुताची दोरी जाड आणि रंगाने काळपट, पाखराला ती दिसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सूत गेले, नायलॉन आले. ते स्वस्त, हलके, न कुजणारे आणि जवळपास न दिसणारे. घराघरांत जाळी पोचली ती या रूपात, आणि ‘कुंपणच शेत खाते’ ही आपली म्हण वेगळ्याच अर्थाने खरी ठरली. सैल सोडलेल्या, मोठ्या भोकांच्या जाळीत बुलबुलाचा पाय अडकतो. सुटण्यासाठी तो जितका फडफडतो तितका धागा आवळतो. माझ्या परिसरात अशा जाळीला लटकून मेलेली पाखरे मी पाहिली आहेत, आणि लावणाऱ्याच्या मनात मारणे मुळीच नव्हते. १५६६ सालच्या गावकऱ्याला निदान ठाऊक होते, की आपण कशाचे पैसे घेतो आहोत.

त्यामुळे जाळी कशी लावावी हा प्रश्न बारीकसारीक वाटला तरी या इतिहासाचा तो गाभा आहे. मी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करते आणि त्यावर जाळी ढोलकाच्या चामड्यासारखी ताणून बसवते. कडा विटांनी दाबते, म्हणजे खार खालून शिरत नाही आणि पाखरू आत कोंडले जात नाही. जाळी पांढरी घेते, कारण ती दिसते. आणि फूल असताना जाळी टाकत नाही. वर म्हटलेल्या २०० दाण्यांपैकी ज्याला पराग मिळत नाही त्याच्या भोवतालचा गर वाढत नाही, फळ वेडेवाकडे होते. फ्रेझिएच्या रोपांना जे भोवले तेच इथे लहान प्रमाणात भोवते. मधमाशीला वाट मोकळी हवी. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून पुढे आले. स्ट्रॉबेरी आणि सातेरी माशी एकाच डोंगरावर आहेत, हे दोघींच्या फायद्याचे. फळे धरली, की जाळी. तोडणी संपली, की ती त्याच दिवशी उतरवून गुंडाळायची. चार कुंड्या मी जाळीबाहेर ठेवते. त्याने आतली फळे वाचतात असा माझा दावा नाही. वाटा मोजून दिला, की उरलेल्याची राखण करताना मनात किंतु राहत नाही, एवढेच.

कायदाही आता याच दिशेने वळतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवर टाकायच्या जाळीचे भोक, ती पूर्ण ताणली असता, ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असून चालत नाही. वटवाघळे आणि पाखरे अडकून मरत होती म्हणून हा नियम झाला. त्याची सोपी कसोटी अशी, की जाळीतून बोट आरपार जाता कामा नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बुलबुलाला संरक्षण आहे, पण बाजारात जाळी विकत घेताना भोकाचे माप कोणी विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही.

१५६६ ते २०२१ या साडेचारशे वर्षांत सरकारे पाखराच्या मुंडक्याला इनाम देण्यापासून पाखरू मारणाऱ्या जाळीला बंदी घालण्यापर्यंत आली. मधल्या काळात राखणीचा भार पोरांच्या डोक्यावर होता, आणि आपल्या कोरडवाहू गावांत तो अजून पुरता उतरलेला नाही. गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना यांतले काहीच सोसावे लागत नाही. आपले पोट त्या फळावर नाही, आपले मूल माळ्यावर नाही. तेव्हा बारीक भोकाच्या जाळीचे चार पैसे जास्त आणि ती ताणून बसवण्याची अर्ध्या तासाची मेहनत, एवढी राखणीची किंमत तरी फळ खाणाऱ्याने स्वतः मोजावी.